कापतात, खुडतात, उतरवतात

विळा उजव्या हातात होता, पण चुकत होता तो डावा हात. भाताची मूठ धरताना अंगठा वर हवा. माझा पात्याकडे वळला होता. काकींनी हात धरून तो सरळ केला. म्हणाल्या, "आनखी खाली काप गो. धसकाट उंच नको ठेवू."

ही खाचरं उरण तालुक्यात, चिरनेरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. मी नेरूळहून लोकलने आले होते. 2024 च्या जानेवारीपासून ही गाडी थेट उरणपर्यंत जाते. जमिनीलगत कापायचं ते खोडकिड्यासाठी. त्याची अळी उरलेल्या धसकटात दडून बसते आणि पुढच्या पिकावर निघते. वेळही नेमकी साधावी लागते. लोंबीतले वरचे दाणे पिवळे झालेत, बुडाचे दोन-चार अजून हिरवट आहेत, तेव्हाच विळा लावायचा. सगळी लोंबी पिकायची वाट पाहिली तर दाणे शेतातच झडतात आणि राहिलेल्यांची गिरणीत कणी होते. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास येतं, गरवं दिवाळीनंतर. मधे एखादी अवकाळी सर आली की आडव्या पडलेल्या भाताला शेतातच कोंब फुटतात.

कापलं की झालं, असं मला वाटत होतं. पण कापलेल्या मुठी धसकटांवरच पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवायच्या. मग भारे बांधायचे. बांधायला दोरी आणत नाहीत, भाताच्याच काड्यांना पीळ देऊन बंध करतात. पहाटे दंव असताना भारे उचलले तर दाणा कमी गळतो. डोक्यावरून ते खळ्यावर आणायचे, फळीवर झोडायचे, सुपाने वारा देऊन पळंज उडवायचं, धान्य पुन्हा उन्हात घालायचं, पेंढ्याची उडवी रचायची. खळ्यावर सुपासमोर उभी राहिले तेव्हा पहिल्या झटक्यात भुसा माझ्याच डोळ्यांत गेला. काकींनी मला वाऱ्याला पाठ करून उभं केलं. सूप खांद्याइतकं उचलून, थोडं तिरकं करून, दाणे धारेने सोडायचे. जड दाणा पायाशी पडतो, पोकळ तो हातभर पुढे जातो. वारा पडला की सगळे थांबतात.

इंग्रजीत या साऱ्याला 'हार्वेस्ट' हा एक शब्द पुरतो. मराठीत पीक बदललं की क्रियापद बदलतं, कारण हाताची हालचाल बदलते. भात कापतात, ऊस तोडतात, कापूस वेचतात, हरभरा उपटतात, हळद खणून काढतात, कणसं आणि द्राक्षं खुडतात, नारळ पाडतात. हापूस मात्र कोणी पाडत नाही, झेल्याने उतरवतात. फळ आपटलं की डागी झालं, हे त्या 'उतरवण्या'तच आलं. तुर्भ्याच्या बाजार समितीत हा सगळा माल ट्रकमधून उतरतो, तेव्हा क्रियापदं गळून पडतात आणि फलकावर एकच शब्द उरतो, 'आवक'. माल घरी आल्याच्या दिवसांना मात्र 'सुगी' म्हणतात. माझ्या मते मराठीतल्या सर्वांत समाधानी शब्दांपैकी तो एक आहे.

या किनाऱ्यावर तर मीठही 'पिकतं'. आगर म्हणजे मिठागर. आगरी हे नाव त्याच्याशी जोडलं जातं. पावसाळ्यात खारबंदिस्तीच्या आत भात आणि उन्हाळ्यात मिठागरात मीठ, असं इथल्या अनेक घरांचं वर्ष. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताची वाणं पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढली. त्यांची नावंच पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3. आज पनवेल म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बियाणंही आठवतं.

1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो आकडा इथे पोरासोरांनाही पाठ आहे. पण बंध, उडवी, पळंज हे शब्द त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. जमिनीची भरपाई मागता आली, शब्दांची कोणाकडे मागणार? आमच्या सोसायटीच्या फाटकावर 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' अशी पाटी आहे. पाणी आपण अडवतो, साठवतो, मुरवतो; त्यासाठीही आपल्याकडे तीन शब्द आहेत.

संध्याकाळपर्यंत माझी जेमतेम दीड ओळ झाली. काकींच्या तेवढ्या वेळात सहा. निघताना त्यांनी मागच्या वर्षीचे तांदूळ पिशवीत घातले आणि नवे खायची घाई करू नको म्हणाल्या, नव्याचा भात गिच्च होतो.

तुमच्या घरात कधीकाळी विळा धरलेलं कुणी माणूस असेल, तर या दिवाळीत त्याच्यापाशी वही घेऊन बसा. आधी विचारा, भारा कशाने बांधायचा. बाकीचे शब्द तो आपणहून सांगेल.