एका डिस्कचे दोन जिल्हे

एक कोडं घालू? 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा नकाशावर शोधून दाखवा बरं! नाही ना सापडत? सापडणार तरी कसा! १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी झाली. तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हे तालुके बाजूला निघाले. त्यांना संस्थानी मुलखातल्या मिरज आणि जत तालुक्यांची जोड मिळाली आणि 'दक्षिण सातारा' जिल्हा तयार झाला. २१ नोव्हेंबर १९६० पासून त्याचंच नाव झालं सांगली!

गंमत म्हणजे या वाटणीत एकही डोंगर जागचा हलला नाही. शेतं तिथंच, गावं तिथंच. बदलली ती कागदावरची हद्द. कारभार मात्र दोन झाले.

घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचीही अशी वाटणी करता येते. तिला म्हणतात पार्टिशन.

वाटणी कशासाठी?

कॉम्प्युटरचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. बऱ्याच घरांत ती विंडोज असते. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि पुष्कळ जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही. मग काय, चांगला चालता कॉम्प्युटर भंगारात द्यायचा?

थांबा! लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम आहे. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली. ती फुकट मिळते आणि तिचे काही हलके प्रकार जुन्या यंत्रावरही छान चालतात. पण आईची हिशेबाची फाईल आणि ताईचा प्रोजेक्ट विंडोजमध्येच असतो. मग विंडोज राहू द्यायची आणि शेजारी लिनक्सला जागा द्यायची.

डिस्कचा सातबारा

कोणता हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच असते. ही पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबाराच म्हणा ना! जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंद अवघ्या ६४ बाइट्सची असते आणि तिच्यात चारच मुख्य हिस्से मावतात. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ हिस्से मावतात. ही नोंद पुसली गेली, तर फाइली डिस्कवर असूनही कॉम्प्युटरला सापडत नाहीत.

आणखी एक. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलं असं समजू नका हं! डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

आधी सामान माडीवर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी चढण्याआधी ज्यांनी कागदपत्रं माडीवर नेली, त्यांची वाचली. इथेही तोच नियम. सगळे फोटो आणि फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्या तिथून उघडतात का, तेही पाहा. आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत!

आता वाटणी

हे काम आई-बाबांना शेजारी बसवूनच करा.

१. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

२. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'श्रिंक व्हॉल्यूम'ने सी ड्राइव्ह आकसून घ्या. लिनक्सला ५० जीबी मोकळे दिले, तर ऐसपैस होतात. काम चालू असताना वीज गेली तर घोटाळा होतो, म्हणून लॅपटॉप चार्जरला लावा किंवा यूपीएस हवा.

३. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स तयार करा (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं!) आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. आधी नुसतं वापरून बघा. वायफाय, आवाज, कीबोर्ड चालतो ना?

४. मग इन्स्टॉल करताना 'विंडोजच्या शेजारी' अशा अर्थाचा पर्याय निवडा. 'इरेज डिस्क'ला चुकूनही हात लावू नका. तिथे वाटणी होत नाही, सगळी डिस्क पुसली जाते! पडद्यावरचं वाक्य समजलं नाही, तर सरळ थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

पेठ नाक्यावर काय करता?

साताऱ्याहून हायवेने येताना पेठ नाक्यावर ठरवावं लागतं. सरळ गेलं की कोल्हापूर, डावीकडे वळलं की सांगली. आता तुमचा कॉम्प्युटरही सुरू होताना असाच विचारील, 'लिनक्स की विंडोज?' हे विचारणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब. एका वेळी एकच रस्ता, पण रोज निवड तुमची!

आणि हो, लिनक्सला विंडोजच्या हिस्स्यातल्या फाइली वाचता येतात. विंडोजला मात्र लिनक्सचा हिस्सा आपणहून वाचता येत नाही. म्हणून दोघांना लागणाऱ्या फाइलींसाठी एनटीएफएस पद्धतीचा तिसरा हिस्सा ठेवता येतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा नाही का, दोन्ही जिल्ह्यांना पाणी देते? तसंच!

मग या रविवारी काय करणार? वाटणी नंतर बघू. आधी सामान माडीवर!