घराबाहेरील कॅमेरा कोठे व कसा बसवावा

इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची पहिली स्वारी सुरतेवर झाली, तेव्हा जैन सावकार वीरजी व्होरा यांचा वाडाही लुटीतून सुटला नाही. शहराभोवती विटांचा पक्का कोट उभारला गेला तो त्यानंतर. नुकसान झाल्यावर बंदोबस्त करण्याची ही रीत मीही पाळली, हे सभासद बंधूंपुढे कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी पहाटे आमच्या दारातून नातवाची नवी सायकल गेली. कॅमेरा होता, चित्रही उतरले होते. परंतु त्यात दिसली ती एक टोपी व दोन खांदे. कारागिराने तो पंधरा फुटांवर बसविला होता. तेथे कोणाचा हात पोचत नाही, हे त्याचे म्हणणे मला पटले होते. पोत्यात मध्यापर्यंत सळई खुपसून नमुना काढल्यावाचून सौदा न करणारा मी; पण कॅमेऱ्याचे रात्रीचे चित्र एकदाही पाहिले नव्हते!

आता अनुभवाने सांगतो. आठ ते दहा फुटांची उंची उत्तम. तेथून येणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि कॅमेरा सहज उपटताही येत नाही. तोंड किंचित खाली झुकलेले असावे व मावळतीकडे नसावे. छज्जाखाली बसविल्यास पाऊस व ऊन टळते. मात्र पांढऱ्या छज्जाला अगदी चिकटवू नये. रात्री कॅमेरा जो अदृश्य प्रकाश सोडतो, तो त्या चुन्यावरून उलटतो आणि सारे चित्र धुरकट होते.

जुन्या सुरती घरांचा गिलावा ठिसूळ असतो. नुसत्या गिलाव्यात गिट्टी ठोकल्यास दोन पावसाळ्यांत कॅमेरा लोंबू लागतो. आत विटेपर्यंत किंवा सागाच्या तुळईत स्क्रू गेला पाहिजे, आणि तो गंजू न देणाऱ्या पोलादाचा हवा. समुद्राची हवा येथून दूर नाही. तारेचे भोक बाहेरच्या बाजूस उतरते पाडावे, आणि तार भोकात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. तारांचे सांधे कॅमेऱ्यामागील बंद डबीत ठेवावेत. उघड्या तारा नळीतून न्याव्यात, नाहीतर उत्तरायणात गच्चीवरचा मांजा त्यांत अडकून ओढाताण होते.

प्रकाशाकडे किडे येतात व त्यांच्यामागे कोळी. जाळे भिंगासमोर आले की रात्रभर पांढरे दोरे हलताना दिसतात. आमच्या घरी मऊ कुंचल्याने, जीव न दुखविता, आठवड्यास ते काढतात.

चित्रे साठविणारे यंत्र तळमजल्यावर ठेवू नये. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या पुरात आमच्या तळमजल्यावर काय उरले, ते आठवते. यंत्र आता दुसऱ्या मजल्यावर आहे.

एक गोष्ट मात्र भिंतीची नव्हे, माणसांची. कॅमेरा खाली आणल्यावर समोरच्यांची खिडकी चित्रात आली. मी शेजाऱ्यांना बोलावून ते दाखविले व त्यांच्यासमक्ष तेवढा भाग यंत्रातूनच काळा करविला. पण घरात तेवढे शहाणपण सुचले नाही. सायकल गेल्याच्या रागात मी सामाईक चौकातही एक कॅमेरा लावला. धाकट्या भावाने महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले. त्याच्या बायकामुलांच्या येण्याजाण्यावर थोरल्याचा पहारा, असेच त्याला वाटले. पुढे वाचनात आले की, २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने, सहनिवासी व्यक्तीच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे बसविणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तो वादही दोघा भावांचाच होता.

चौकातला कॅमेरा मी काढविला व मागील दारावर, बाहेर तोंड करून, लावविला. जागा भावाने दाखविली. चौकातील भिंतीत चार भोके राहिली आहेत; ती दिवाळीच्या रंगकामात बुजवावयाची आहेत.