माहितीची प्रत दुसऱ्या गावी

दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरातील शासकीय संगणक केंद्रास आग लागली. बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना एका बॅटरीने पेट घेतला आणि ७०९ शासकीय संगणक-सेवा बंद पडल्या. पुढे टप्प्याटप्प्याने सेवा पूर्ववत झाल्या. परंतु अधिकाऱ्यांच्या कामकाजाच्या दस्तऐवजांचा ८५८ टेराबाइटांचा सामायिक साठा जळून गेला. साठा फार मोठा, म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती.

महाराष्ट्राला असा आघात अपरिचित नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत मनुष्यहानी झाली आणि असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. आज सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, निवृत्तिवेतनाचे हिशेब संगणकावर आहेत. कागद जळतो तसा संगणकही जळतो. फरक एवढाच की, संगणकातील नोंदीची हुबेहूब प्रत शेकडो किलोमीटर दूर सतत ठेवता येते.

आभासी संगणक आणि समूह

पूर्वी एका कामासाठी एक सर्व्हर अशी रीत होती. आता एका शक्तिशाली सर्व्हरवर अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी संगणक चालविले जातात. असा प्रत्येक आभासी संगणक प्रत्यक्षात काही फायलींच्या रूपात असतो; म्हणूनच त्याची प्रत काढून ती अन्यत्र चालविणे शक्य होते.

असे अनेक सर्व्हर एकत्र जोडले की त्यांचा ‘क्लस्टर’ म्हणजे समूह बनतो. समूहातील एक सर्व्हर बंद पडला, तर त्यावरील आभासी संगणक शेजारच्या सर्व्हरवर काही मिनिटांत पुन्हा सुरू होतात. ही सोय मोलाची असली, तरी तिची मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. समूहातील सर्व सर्व्हर बहुधा एकाच इमारतीत, एकाच वीजपुरवठ्यावर असतात. समूह यंत्राच्या बिघाडापासून वाचवितो. आग, पूर वा भूकंप यांपासून नव्हे.

दूरस्थ प्रत कशी तयार होते?

प्रथम आभासी संगणकाची संपूर्ण प्रत दुसऱ्या केंद्रावर नेली जाते. त्यानंतर केवळ झालेले बदल ठराविक अंतराने पाठविले जातात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही प्रणालीत हे अंतर ३० सेकंद, ५ मिनिटे किंवा १५ मिनिटे असे ठेवता येते. समूहातील आभासी संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात असल्याने त्याचा ठावठिकाणा राखणारा ‘ब्रोकर’ म्हणजे मध्यस्थ घटक समूहात बसवावा लागतो. अन्यथा आभासी संगणक हलताच प्रतीचा ओघ तुटेल.

प्रत्येक बदल दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदविणे हाही एक मार्ग आहे. परंतु काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर वेगाने जातो. ७०० किलोमीटर अंतरावर जाऊन पोच परत येण्यास किमान ७ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक नोंद तेवढी खोळंबते. म्हणून लांबच्या अंतरासाठी थोडे मागाहून पाठविण्याचीच पद्धत सोयीची ठरते.

जोडणीचा हिशेबही आधी मांडावा. सेकंदाला १० मेगाबिट वहनाच्या जोडणीवरून २ टेराबाइटांची पहिली प्रत जाण्यास १८ दिवसांहून अधिक काळ लागेल. अशा वेळी ती प्रत डिस्कवर घेऊन वाहनाने पोहोचविणे श्रेयस्कर. पुढे दररोज ४० गिगाबाइट बदल होत असतील, तर ते पाठविण्यास सुमारे ९ तास पुरतात.

दोन प्रश्न

योजना आखताना दोन प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल? आणि काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे? रुग्णालयाच्या नोंदींचे उत्तर एक असेल, ग्रंथालयाच्या सूचीचे दुसरे. सर्वांस एकच माप लावल्यास खर्च वाढतो किंवा महत्त्वाचे काम उघडे पडते.

दुसरे केंद्र कोठे असावे, यासही महत्त्व आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा वेळी त्याच शहरातील दुसरी इमारतही निरुपयोगी ठरू शकते. दोन्ही केंद्रांचा पूर, भूकंप आणि वीजपुरवठा यांबाबतचा धोका भिन्न असावा.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

एखाद्याने चुकून नोंदी पुसल्या किंवा खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर ते बदलही इमानाने दुसऱ्या केंद्रावर पोहोचतात. यासाठी मागील काही तासांच्या अवस्था जपून ठेवण्याची सोय असते. तथापि, जाळ्यापासून अलग ठेवलेला नियमित बॅकअप त्यास पर्याय नाही, त्याच्या जोडीला हवाच.

रंगीत तालीम

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे चाचणी. मुख्य काम न थांबविता, अलग जाळ्यात प्रतीवरील आभासी संगणक सुरू करून पाहता येतात. कोणता आधी सुरू करावयाचा, वापरकर्त्यांची ओळख पटविणारा सर्व्हर तेथे आहे काय, जाळ्यावरील पत्ते बदलतील काय, स्थलांतराचा आदेश कोणी द्यावयाचा, या गोष्टी तालमीतच उघड होतात.

म्हणून कार्यालयप्रमुखांनी, मुख्याध्यापकांनी आणि पंचायत सदस्यांनी संगणक-सेवा पुरविणाऱ्यांस तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: आमच्या नोंदींची प्रत कोणत्या गावी आहे, ती किती जुनी आहे आणि ती सुरू करून शेवटची केव्हा पाहिली? शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क आणि विधवेचे निवृत्तिवेतन ज्या नोंदीवर अवलंबून आहे, ती एकाच छपराखाली असता कामा नये.