उन्हातान्हातली सायकल शर्यत



अमडापूरहून खामगावकडे निघालं की एकाच रस्त्यावर दोन हवामानं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. घाटावर पहाटे शाल लागते, घाट उतरलं की तीच शाल पिशवीत जाते. एसटीत बसलेल्या बाईला हा फरक थोडा कळतो, सायकलवरच्या मुलीला मात्र तो अंगभर कळतो.

आज सायकलच्या शर्यतींबद्दल बोलायचं आहे. त्यातही कडक ऊन, बोचरी थंडी, समोरून वारा अशा हवेत होणाऱ्या शर्यतींबद्दल. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आहेत, त्या रोज चार-पाच किलोमीटर तुडवत शाळेत येतात. शिवाय ८ मार्च आला की आपणच बचत गटाच्या बैठकीत सायकल फेरीचं किंवा मुलींच्या शर्यतीचं ठरवतो. उन्हात शर्यतवाल्याच्या शरीराचं जे होतं, तेच आपल्या लेकीच्या शरीराचं होतं. शर्यतवाल्यांनी त्याचा अभ्यास केलेला असतो, आपण तो केलेला नसतो.

आधी एका बाईची गोष्ट. पुण्याच्या प्रीती मस्के. दोन मुलांची आई. सायकल हाती धरली ती वयाच्या चाळिशीत. जून २०२२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्या लेहहून मनालीला एकट्या सायकलने गेल्या. ४३० किलोमीटर, ५५ तास १३ मिनिटं. हा रस्ता हिमालयातल्या उंच खिंडींतून जातो. त्यातली टांगलांग ला साडेसतरा हजार फुटांच्या आसपास आहे. तिथं हवा इतकी विरळ असते की एका श्वासात आपल्याकडच्या निम्माच प्राणवायू मिळतो. वाटेत त्यांना धाप लागली, प्राणवायू घ्यावा लागला, आणि तो घेऊन त्या पुढे गेल्या. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. लागलं तेव्हा त्यांनी मागून घेतलं. आपल्या बायका शेतात चक्कर आली तरी कोणाला सांगत नाहीत!

आता उन्हाकडे येऊ, कारण आपलं खरं दुखणं तेच. अमेरिकेत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सायकल शर्यत होते, रेस अक्रॉस अमेरिका नावाची. सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि एकट्याने जाणाऱ्याला मुदत १२ दिवसांची. जून महिन्यात सुरुवातीलाच वाळवंट लागतं, तिथं पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तिथून थेट दहा हजार फुटांहून उंच डोंगर. २०१७ साली नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ काही तासांतच पोचले ते आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ. वेळ ११ दिवस २१ तास ११ मिनिटं.

उन्हात सायकल चालवताना होतं काय? पाय काम करतात तेव्हा अंगात उष्णता तयार होते, ती घामावाटे बाहेर पडते. घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळला तर होतं. माठ झिरपतो म्हणून पाणी गार राहतं, तसंच. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यात सायकलचा वारा, म्हणून घाम आल्या आल्या वाळतो. मुलीला वाटतं आपल्याला घाम आलाच नाही. खरं तर तासाभरात लिटरभर पाणी अंगातून गेलेलं असतं. सायकल थांबवली की एकदम धारा लागतात, त्याचं कारण हेच. चढावर तर आणखी वाईट, कष्ट दुप्पट आणि वेग कमी, म्हणून वारा नाही.

म्हणून शर्यतवाले तहान लागायची वाट बघत नाहीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-दोन घोट घेतात. आणि तासन्तास नुसतं पाणीही पीत नाहीत, कारण घामाबरोबर मीठ जातं. भरपूर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस भ्रमिष्टासारखं करतो. ते महागड्या पुड्या वापरतात. आपल्याला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरतं. चमचा चहाचा, मोठा नाही. मिठाचं ताक, कैरीचं पन्हंही चालतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या मुली पाणी पीत नाहीत ते तहान नसते म्हणून नाही. वाटेत जायला जागा नसते, शाळेतलं संडास वापरण्यासारखं नसतं, म्हणून सकाळपासून त्या कोरड्या राहतात. बायकाही तेच करतात, वरातीला असो की बाजाराला. मोठ्या शर्यतीत मागे गाडी असते, आडोसा मिळतो. आपल्या फेरीच्या वाटेवर तो आहे का, हे बॅनर छापण्याआधी बघायचं काम आहे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय हे मुलींना मोकळेपणाने सांगा. लाजायचं त्यात काही नाही.

आणि उन्हाची सवय दोन दिवसांत होत नाही. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर दहा-चौदा दिवसांत शरीर शिकतं, घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. वर्षभर वर्गात बसलेल्या मुलीला एकदम शर्यतीत उतरवायचं नसतं ते यासाठी.

थंडीचा धडा इटलीतला. ५ जून १९८८, तिथल्या मोठ्या शर्यतीत सायकलस्वार गाविया नावाची खिंड चढत होते, उंची २,६२१ मीटर. वर बर्फ पडायला लागला. चढताना घामाने कपडे ओले झालेले, आणि पुढे उतार. उतारावर पाय काम करत नाहीत म्हणून अंगात ऊब नाही, वारा मात्र जोरात. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबता येईना. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या चमूने सकाळीच दुकानातून लोकरी हातमोजे आणि गरम कपडे विकत आणून ठेवले होते. त्या दिवशी तो आघाडीवर आला आणि पुढे ती शर्यतही त्यानेच जिंकली. उतार लागण्याआधी छातीशी वर्तमानपत्राचा कागद खोचायचा, ही सायकलवाल्यांची जुनी युक्ती. डिसेंबरात पहाटे शिकवणीला जाणाऱ्या मुलीला ती फुकटात कामाला येईल.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. म्हणून शर्यतीत एकमेकांच्या मागे ओळीने चालतात, पुढची थोडा वेळ वारा अंगावर घेते, मग मागे येते. मागच्यांचे कष्ट चौथाईने तरी वाचतात. पण हे सरावाशिवाय करू नका. चाकाला चाक लागलं की सगळी रांग पडते. पहिल्या पावसात तर मुळीच नाही, रस्त्यावरचं तेल आणि धूळ भिजून निसरडं झालेलं असतं, ब्रेकही उशिरा लागतो.

आता थांबण्याबद्दल. गोकुळनाथांनी २०१६ मध्येही ती अमेरिकेतली शर्यत धरली होती, पण पूर्ण झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. जागतिक सायकल संघटनेने २०१६ पासून नियमच केला आहे की बर्फ, वादळ, टोकाची उष्णता असेल तर शर्यतीची वेळ बदलायची, अंतर कमी करायचं, नाहीतर रद्द करायची. जगातले सर्वांत कणखर सायकलस्वार असतात तिथे. त्यांच्यासाठी शर्यत थांबते, आणि आपल्याकडे पाहुण्यांची गाडी आली नाही म्हणून मुली अकरा वाजेपर्यंत उन्हात रांगेत उभ्या असतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. हार-तुरे पाहुण्यांचे, भोवळ मुलींची.

तेव्हा यंदा फेरी किंवा शर्यत ठरवाल तर सकाळी साडेसहाला झेंडा दाखवा आणि आठला संपवा. पाहुणे बक्षीस द्यायला आले तरी चालतात. दर दोन किलोमीटरवर सावलीत दोघीजणी पाणी, ताक, ओलं फडकं घेऊन बसवा, त्यांना रस्त्याकडे बघत राहायला सांगा. एखादी मुलगी सायकल वेडीवाकडी चालवायला लागली, विचारलं तर असंबद्ध बोलते, अंग तापलेलं, तर तिला "जरा दम धर" म्हणू नका. हा उष्माघात असू शकतो. घाम असो वा नसो, तिला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काख, जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसरीने १०८ ला फोन लावावा. गाडीची वाट बघत गार करणं थांबवायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि ज्या मुलीने स्वतःहून सायकल बाजूला घेतली, तिचं नाव हजेरीतून कापू नका, तिलाही खाऊची पुडी द्या.