दाइजोबु म्हणजे हो की नको?

टोकियोतल्या कोनबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, नवा भाषाविद्यार्थी अडखळतो तो एका साध्या प्रश्नावर: पिशवी हवी का? १ जुलै २०२०पासून जपानभर प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारला जातो. विद्यार्थी ‘दाइजोबु देसु’ म्हणतो. वर्गात त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा शिकवलेला असतो. पण गल्ल्यापाशी तेच शब्द ‘नको, राहू द्या’ असे ऐकले जातात. मग भाताचे दोन ओनिगिरी, दूध आणि वही छातीशी धरून त्याला बाहेर पडावे लागते.

एक भाषा शिकायला गेलेल्याला तिथे तीन वेगवेगळ्या जपानी भेटतात, त्यांची ही सुरुवात.

पहिली वर्गातली. टोकियोच्या ताकादानोबाबा, शिन-ओकुबो या भागांत भाषाशाळा दाटीने आहेत. वर्ग अर्ध्या दिवसाचा, सकाळी किंवा दुपारी, आठवड्याला साधारण वीस तासिका. बऱ्याच शाळांत जपानी जपानीतूनच शिकवतात, कारण शेजारच्या बाकांवर नेपाळ, व्हिएतनाम, म्यानमार, चीन असे सगळे असतात. चिनी मुले पाटी पाहून अर्थ ओळखतात. बाकीच्यांना नित्य वापरातल्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनी मूळची चिन्हे, एकेक करून गाठाव्या लागतात. त्यातही एका चिन्हाचे अनेक उच्चार. ‘जीवन’ दाखवणारे चिन्ह ‘सेन्सेइ’ या शब्दात ‘सेइ’ असते, तर ‘कच्चे’ या अर्थाने एकटे आले की ‘नामा’.

मराठी मुलांना मात्र इथे काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमासु’ म्हणजे ‘मी भात खातो’. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतले अंतर ज्याला घरात कळले, त्याला जपानीतल्या आदराच्या पायऱ्या परक्या वाटत नाहीत. जपानी वर्णमालेचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रमही ओळखीचा वाटतो आणि त्याला कारण आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णविचार जपानपर्यंत नेला, त्याची छाप त्या क्रमावर आहे.

दुसरी जपानी कामावरची. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते. शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. टोकियोतले किमान वेतन ऑक्टोबर २०२४मध्ये ताशी १,१६३ येन होते. त्या हिशेबाने पूर्ण २८ तास भरले, तर तेव्हा आठवड्याला साडेबत्तीस हजार येनच्या आसपास मिळत. त्यात खोलीचे भाडे, जेवण, रेल्वेचा पास आणि फी यांची तोंडमिळवणी करायची. तास ओलांडले किंवा शाळेतली हजेरी घसरली, तर व्हिसाचे नूतनीकरण धोक्यात येते.

पैशाइतकेच मोल या ‘बाइतो’वर, म्हणजे अर्धवेळ कामावर, कानावर पडणाऱ्या भाषेचे. वर्गात ‘मात्ते कुदासाइ’ शिकवतात, म्हणजे ‘थांबा’. गिऱ्हाइकासमोर त्याचे ‘शोशो ओमाची कुदासाइ’ होते, आपल्या ‘कृपया थोडी प्रतीक्षा करावी’सारखे. आणि मागच्या स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘चोत्तो मात्ते!’ थांब जरा! एकाच शब्दाची ही तीन रूपे दिवसाला पन्नासदा ऐकली की तोंडात बसतात.

तिसरी जपानी कागदावरची. राहायची जागा मिळाली की चौदा दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यातही नाव घालायचे. मग दवाखान्याच्या बिलाचा साधारण ३० टक्के भाग स्वतः भरावा लागतो. अर्जावर वर्गातला ‘तान्जोबी’ म्हणजे वाढदिवस नसतो, ‘सेइनेनगाप्पी’ असते. बोलण्यातला ‘वाढदिवस’ आणि कागदावरचा ‘जन्मदिनांक’ यांत जे अंतर, तेच इथे. घरी आले की कचऱ्याचे वेळापत्रक: जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या-डबे कोणत्या वारी. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनेची चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडलेली दिसते. ती चिठ्ठीही वाचता यायला हवी.

या सगळ्याची परीक्षा मात्र कुठे होत नाही. १९८४पासून घेतली जाणारी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा एन ५ ते एन १ अशा पाच पातळ्यांची आहे. तिच्यात वाचन आणि श्रवण तपासतात. बोलण्याचा भागच नाही. म्हणून नोकरीसाठी बहुधा मागितली जाणारी एन २ पातळी हाती असूनही मुलाखतीत जीभ अडकते. ज्याने दुकानात, कार्यालयात, शेजाऱ्यांशी बोलण्याची लाज सोडली, तोच पुढे जातो. विद्यार्थी म्हणून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले, ते तिथल्या मतदारांशी त्यांच्या भाषेत बोलून.

भाषाशाळांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात, आणि अर्जापासून विमानापर्यंत बहुधा पाच-सहा महिने जातात. जाणाऱ्याने हा काळ वाया घालवू नये. पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग आहेत आणि ही प्रावीण्य परीक्षाही होते. हिरागाना, काताकाना या दोन वर्णमाला आणि निदान शंभर कांजी इथेच पक्क्या कराव्यात, आणि रोज अर्धा तास कोणाशी तरी मोठ्याने जपानीत बोलावे.