न्याहारीच्या वेळची उर्दू

ज्या मुलांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्यांपैकी अनेक मुले गावच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात दाखल होतात. शिक्षकाचा प्रश्न त्यांना पुष्कळदा कळतो. परंतु उत्तर देण्यास शब्द सापडत नाहीत, म्हणून ती गप्प बसतात. हे मौन म्हणजे बुद्धीचे मांद्य आहे, असा ग्रह करून घेणे त्या मुलांवर अन्याय करणारे होते. सकाळी आपण काय खाल्ले, हे मात्र सहा वर्षांच्या कोणत्याही मुलाला सांगता येते. म्हणून न्याहारीविषयीची दहापाच उर्दू वाक्ये शिक्षकास अवगत असणे फार उपयोगाचे आहे.

‘न्याहारी’ हा शब्दच या दोन भाषांचा जुना संबंध दाखवितो. तो फारसीतून मराठीत आला. उर्दूत ‘निहार मुँह’ म्हणजे अनशापोटी, आणि पहाटे खाण्याच्या मांसाच्या रस्सेदार पदार्थास ‘निहारी’ म्हणतात. ‘नाश्ता’ हा शब्दही फारसीच असून त्याचा मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी, असा आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी रिकामे पोट आहे, हे शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रथम पुढील वाक्ये मोठ्याने म्हणून पाठ करावी:

१. बेटा, आज सुबह क्या खाया? — बाळ, आज सकाळी काय खाल्लेस?
२. तुमने नाश्ता किया? — तू न्याहारी केलीस का?
३. जी हाँ, मैंने रोटी खाई और चाय पी. — होय, मी पोळी खाल्ली आणि चहा प्यालो.
४. मैंने कुछ नहीं खाया. — मी काही खाल्ले नाही.
५. भूख लगी है? — भूक लागली आहे का?
६. मुझे दूध चाहिए. — मला दूध पाहिजे.
७. थोड़ा और लीजिए. — आणखी थोडे घ्या.
८. बस, शुक्रिया. — पुरे, आभारी आहे.

यांतील पाचव्या व सहाव्या वाक्यांची घडण मराठीसारखीच आहे. भूक ‘लागते’ आणि दूध ‘मला’ पाहिजे असते, हे दोन्ही भाषांत सारखेच. दूध, पानी, अंडा, गरम, ताज़ा, ज़रा, थोड़ा हे शब्दही निराळे शिकावे लागत नाहीत. जेथे साम्य अधिक, तेथेच चूकही नकळत होते; म्हणून पुढील चार स्थळी विशेष सावधगिरी बाळगावी.

पहिले स्थळ ‘ने’ या प्रत्ययाचे. मराठीत ‘त्याने नाश्ता केला’ असे म्हणतात; पण ‘मी’ आणि ‘तू’ यांना भूतकाळी हा ‘ने’ लागत नाही. प्रमाण उर्दूत मात्र ‘मैंने’, ‘तुमने’, ‘आपने’ असेच म्हणावे लागते आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: अंडा खाया, रोटी खाई, दूध पिया, चाय पी. मराठीत ‘मी दूध प्यालो’ असे क्रियापद पिणाऱ्याप्रमाणे चालते. उर्दूत ते दुधाप्रमाणे चालते.

दुसरे स्थळ लिंगाचे. मराठीत चहा पुल्लिंगी, तर उर्दूत चाय स्त्रीलिंगी. ‘चहा गरम झाला’ याचे उर्दू ‘चाय गरम हो गई’ असे होते. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून आपले पाणी व दूध तेथे पुल्लिंगी होतात.

तिसरे स्थळ फसव्या शब्दांचे. मराठीत मीठ म्हणजे लवण. उर्दूत ‘मीठा’ म्हणजे गोड, आणि मिठास ‘नमक’ म्हणतात. चाय मीठी आहे असे मुलाने सांगितले, तर त्याची तक्रार नसून ती बहुधा पसंती असते. तसेच ‘रोज़’ म्हणजे दररोज, पण ‘रोज़ा’ म्हणजे उपवास. रमज़ानच्या महिन्यात पहाटेपूर्वीच्या भोजनास ‘सहरी’ आणि सूर्यास्तानंतर उपवास सोडण्यास ‘इफ़्तार’ म्हणतात. लहान मुलांना रोज़ा बंधनकारक नसतो. तथापि घरच्यांचे पाहून एखादे मूल तो ठेवते. ‘आज रोज़ा है’ असे उत्तर आल्यास शिक्षकास त्याचा अर्थ ताबडतोब उमगला पाहिजे.

चौथे आणि सर्वांत नाजूक स्थळ संबोधनाचे. मराठी ‘तुम्ही’ आदरार्थी आहे. उर्दू ‘तुम’ हे बरोबरीच्यांसाठी व लहानांसाठी आहे. मराठी बोलणारा मनुष्य आदराच्या भावनेनेच मुलाच्या आजीस ‘तुम बैठो’ म्हणतो आणि तिच्या कानास ते उद्धट वाटते. पालकांशी बोलताना ‘आप’ हेच सर्वनाम व ‘बैठिए, लीजिए, दीजिए’ हीच रूपे योजावी. मुलास ‘तुम’ म्हणणे योग्य. पालकांच्या भेटीत ‘आपके यहाँ सुबह नाश्ते में क्या पकता है?’ या प्रश्नाने बोलण्यास आरंभ केल्यास संकोच लवकर दूर होतो.

उच्चाराच्या बाबतीत मराठी शिक्षकास एक सोय आहे. आपल्या ‘जरा’ या शब्दातील ज उर्दूच्या ज़ ला जवळचा आहे; ‘जीवन’ मधील ज निराळा. उर्दूत हे दोन वेगळे वर्ण आहेत, म्हणून त्यांची अदलाबदल करू नये. याउलट ‘चमचा’ मधील आपला दंत्य च उर्दूत नाही. तेथील ‘चम्मच’ चा च ‘चहा’ प्रमाणे तालव्य उच्चारावा.

महाराष्ट्रातील खेड्यांत जी उर्दू कानी पडते, ती बहुधा दखनी वळणाची असते. त्या बोलीत ‘ने’ पुष्कळदा गळतो व ‘मैं नाश्ता किया’ असे मूल म्हणते. होकारासाठी ‘हौ’ आणि नकारासाठी ‘नक्को’ हे शब्द तीत येतात. यांतील ‘नक्को’ हा आपलाच ‘नको’ होय. शतकानुशतकांच्या शेजारामुळे तो त्या बोलीत रुजला. अशा बोलीस अशुद्ध म्हणून हसू नये. मुलाचे वाक्य प्रथम स्वीकारावे, मग तेच मराठीत म्हणून दाखवावे. ‘चाय नक्को, दूध होना’ असे मूल म्हणाले, तर ‘तुला चहा नको, दूध हवे’ एवढे शिक्षकाने म्हणावे. यात मराठीचा पाठ आपोआप घडतो. वर्गातील इतर मुलांनीही उर्दूची दोनचार वाक्ये म्हणून पाहिल्यास शिकणे दुतर्फा होते.

भारताच्या संविधानात १९५६ साली अनुच्छेद ३५० क समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. प्रत्येक लहान गावी स्वतंत्र उर्दू शाळा असू शकत नाही. तेथे ही दहापाच वाक्ये या कर्तव्याचा अल्पसा तरी अंश उचलतात. मराठवाड्यास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते, आणि मराठी घरांतील विद्यार्थ्यांना घरी एक व शाळेत दुसरी भाषा वापरावी लागे. ती अडचण ज्या प्रदेशाने सोसली, त्याने ती दुसऱ्याच्या मुलावर येऊ देऊ नये.

अखेरीस एक व्यवहाराची सूचना. न्याहारीचा प्रश्न सर्व वर्गासमोर एकेका मुलास विचारू नये. ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल, ते मूल लाजेने खोटे उत्तर देईल. प्रार्थनेपूर्वी जवळ बोलावून हळू आवाजात विचारावे. ‘कुछ नहीं खाया’ हे शब्द कानी आले, तर व्याकरण बाजूस ठेवून प्रथम त्याच्या खाण्याची काही व्यवस्था होते का, ते पाहावे.