भेट ठळक, व्याज बारीक

चतुर्थीचे दिवस जवळ आले, की बाजारात माटोळीच्या सामानाबरोबर क्रेडिट कार्डांच्या जाहिरातींनाही बहर येतो. खरेदीवर सूट, विमानतळावर फुकट विश्रामकक्ष, पहिल्या वर्षाचे शुल्क माफ! बँकांची ही चढाओढ पाहून ग्राहकराजाचे दिवस आले, असे कोणासही वाटावे. स्पर्धेमुळे माल स्वस्त होतो, हा तर अर्थशास्त्राचा पहिला धडा. परंतु येथे माल आहे कर्ज आणि त्याची किंमत आहे व्याज. एवढी चढाओढ असूनही नेमकी ती किंमत का उतरत नाही, असा आमचा प्रश्न आहे.

या मोहजालाचा इतिहास उद्बोधक आहे. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डे, कोणी मागितली नसताही, टपालाने घरोघर धाडली. इतर बँकांनीही तोच मार्ग धरला आणि अखेर १९७० मध्ये अशा कार्डांवर तेथे कायद्याने बंदी घालावी लागली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे न मागितलेल्या कार्डांस मनाई केली. अशा कार्डावर आकारणी झाल्यास ती रद्द करून वर दुप्पट दंड ग्राहकास देण्याचे बंधनही घातले.

तथापि मागून घेतलेल्या कार्डाचे काय? दरमहा पूर्ण बिल चुकते करणाऱ्यास कार्ड ही निव्वळ सोय होय, हे आम्हांस मान्य आहे. परंतु 'किमान रक्कम भरा' या सौम्य शब्दांत खरी मेख आहे. समजा, पन्नास हजारांची बाकी आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के कर ३१५ रुपये. ग्राहकाने २,५०० रुपये भरले, तरी मुद्दल फिटले अवघे ४३५ रुपये! शिवाय बाकी राहताच नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सामान्यतः संपुष्टात येते. एकाला मिळणाऱ्या भेटवस्तूचा खर्च बऱ्याच अंशी असा दुसऱ्याच्या व्याजातून निघतो.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजदराचे नियमन हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, असे त्यामागील सूत्र होते. तेव्हा जबाबदारीही आता तिचीच आहे.

सावकाराच्या दारी जाणारा कुळवाडी निदान आपण ऋणको होत आहोत हे जाणून होता. कार्डधारकास मात्र आपला सन्मान होत असल्याचा भास होतो, आणि या धंद्याचे यश त्या भासातच आहे. आमची मागणी साधी आहे. जाहिरातीत भेटवस्तू ज्या टाइपात छापली जाते, त्याच टाइपात वार्षिक व्याजदर छापणे सक्तीचे व्हावे. मग बँकांनी खुशाल स्पर्धा करावी. ती स्पर्धा व्याज उतरविण्याची होईल. तोवर वाचकांनी कार्ड घेण्यापूर्वी सवलतींची यादी नव्हे, तर व्याजाचा रकाना आधी वाचावा.